पेट्रोलमधलं गंधक मेम्ब्रेननं काढता येतं का? एम.टेक.ला हा विषय घेऊ का?

विषय जरूर घ्या. पण हेप्टेन या एकाच हायड्रोकार्बनमध्ये थायोफीन हे गंधकाचं संयुग मिसळून त्यालाच शेवटपर्यंत 'पेट्रोल' म्हणणार असाल तर घेऊ नका. तुम्ही लिहिलंय की हेच फीड (पडद्यावर सोडायचं मिश्रण) वापरायचं ठरलंय आणि गाईडना ते पुरेसं वाटतं. ते वाचलं आणि उत्तर लिहायला बसले.

पेट्रोलमधलं बहुतेक गंधक येतं एफसीसीच्या, म्हणजे जड तेल उत्प्रेरकावर तोडून मिळणाऱ्या, क्रॅक्ड नॅफ्थातून. हायड्रोजननं (हायड्रोट्रीटरमध्ये) ते निघतं, पण हायड्रोजन सोबतच्या ओलेफिनांनाही (दुहेरी बंधाच्या हायड्रोकार्बनांनाही) सोडत नाही आणि ऑक्टेन, म्हणजे पेट्रोलच्या दर्जाचा आकडा, पडतो. पर्व्हेपोरेशन, म्हणजे पडद्यातून वाफेच्या रूपात वेगळं करणं, याची सगळी भिस्त यावर: पीडीएमएससारख्या (सिलिकॉन रबराच्या) पडद्यातून, म्हणजे मेम्ब्रेनमधून, गंधकाची संयुगं हेप्टेनपेक्षा लवकर पार होतात, पलीकडे व्हॅक्यूम लावून वाफ ओढायची, ओलेफिनांना धक्का नाही. हे तुम्हाला माहीत असणारच.

माझ्या एम.टेक.ला नेमका हाच विषय होता. मॉडेल फीडवर आकडे सुरेख येत होते. मी गाईडना म्हणाले, "सर, खरा क्रॅक्ड नॅफ्था आणून एकदा चालवून बघू." ते म्हणाले, सेल (पडदा बसवलेलं भांडं) घाण होईल, आकडे बिघडतील, पेपर लांबेल. मी हट्ट सोडला नाही. एका रिफायनरीतल्या सीनियरच्या ओळखीनं, रीतसर पत्र देऊन नमुना मिळवला. बाटलीचं बूच काढलं तसा मर्कॅप्टनांचा (गंधकाच्या हलक्या संयुगांचा) कुजक्या कोबीसारखा वास खोलीभर पसरला. रन सुरू झाला आणि फ्लक्स (पडद्यातून पार होणाऱ्या मालाचा वेग) भराभर चढला. सगळे खूश. मग कोल्ड ट्रॅपमध्ये गोठलेला परमिएट (पलीकडे गेलेला माल) वितळवून जीसीवर (गॅस क्रोमॅटोग्राफवर) घातला, तर गंधकाचं एनरिचमेंट, म्हणजे परमिएटमध्ये गंधक फीडच्या किती पट, मॉडेल फीडच्या निम्म्यावरही नव्हतं. ट्रॅपमध्ये बेंझीन, टोल्युईन आणि ओलेफिनच जास्त. सेल उघडली तर पीडीएमएसचा थर फुगून ओ-रिंगच्या कडेनं सुरकुतलेला. चिमटा लावताच सपोर्टवरून सुटून आला.

यात नवल काहीच नव्हतं. थायोफीन ८४ अंशाला उकळतं, बेंझीन ८० ला, आणि पडद्यात विरघळण्याच्या बाबतीतही दोघं जवळजवळ सारखे. कोलटारमधून काढलेल्या बेंझीनमध्ये थायोफीन दडलेलं असतं हे १८८० च्या दशकापर्यंत कुणाच्या लक्षात आलं नव्हतं. व्हिक्टर मायर या जर्मन रसायनशास्त्रज्ञाच्या लक्षात आलं तेसुद्धा, बेंझॉइक आम्लापासून केलेल्या शुद्ध बेंझीनवर बेंझीनचीच समजली जाणारी नेहमीची निळ्या रंगाची परीक्षा विद्यार्थ्यांसमोर फसली म्हणून. जे दोन रेणू इतकी वर्षं रसायनशास्त्रज्ञांना वेगळे ओळखता आले नाहीत, ते रबराच्या एका पडद्यानं सहज वेगळे करावेत, ही अपेक्षाच चुकीची. हेप्टेनच्या फीडमध्ये बेंझीन नसतंच, मग परीक्षा कसली झाली?

गाईडनी तो रन 'अपवाद' ठरवला. प्रबंधात तो परिशिष्टात गेला, पेपरमध्ये आलाच नाही. मला ते तेव्हा पटलं नव्हतं, आजही पटत नाही. खऱ्या फीडवर जे दिसलं तोच निष्कर्ष होता.

कारखान्यात उपयोग होईल का, हे विचारलंय. हिशेब करा. पेट्रोलमध्ये गंधक किती चालेल हे ठरवणाऱ्या भारतीय नियमांत बीएस-४ ला ५० पीपीएम (दशलक्षात ५० भाग) चालत होतं, १ एप्रिल २०२० पासून देशभर बीएस-६ चे १० पीपीएम. समजा फीडमध्ये ३०० पीपीएम गंधक आहे आणि एनरिचमेंट शेवटपर्यंत ४ टिकलं. तरी १० पर्यंत उतरायला सुमारे ६८ टक्के माल पडद्यापलीकडे घालवावा लागतो. एनरिचमेंट २ वर आलं तर जवळजवळ ९७ टक्के. आणि पलीकडे गेलेलं गंधक नाहीसं होत नाही, त्याला पुन्हा हायड्रोट्रीटरच दाखवावा लागतो. ग्रेस कंपनीनं २००० नंतर 'एस-ब्रेन' नावानं ही पद्धत पुढे आणली तेव्हा अमेरिकेत सरासरी ३० पीपीएमचा नियम होता. २०१७ पासून तिथेही १० झाला. रिफायनऱ्यांनी ओलेफिन वाचवणारं निवडक हायड्रोट्रीटिंग किंवा एस-झोर्बसारखं शोषण पत्करलं. एकटा पडदा १० पीपीएम देईल असं कुणी म्हणत असेल तर त्याला आधी फीड कुठलं ते विचारा.

हेही खरं की मी पीडीएमएसपुरतं बोलतेय. क्रॉसलिंक केलेला (साखळ्या एकमेकींना जोडलेला) पीईजी किंवा पॉलिइमाइड हे दुसरे पॉलिमर कमी फुगतात. नॅफ्थाचा मधला कट (उकळबिंदूनुसार काढलेला भाग) वेगळा काढून, जिथे थायोफीन आहे पण जड अ‍ॅरोमॅटिक कमी आहेत, तिथे पडदा लावला तर हायड्रोट्रीटरवरचा भार हलका होऊ शकतो. सगळ्यात हलक्या कटमधले मर्कॅप्टन कॉस्टिक सोड्यानं निघतात, त्यासाठी पडदा नको. मला तरी यात अजून काम करण्यासारखं पुष्कळ दिसतं, म्हणूनच सुरुवातीला 'घ्या' म्हटलं.

हेप्टेन-थायोफीनपासून सुरू करा, हरकत नाही. मग टोल्युईन घाला, मग एखादं ओलेफिन, मग खरा नॅफ्था, आणि प्रत्येक पायरीला फ्लक्सबरोबर पडदा किती फुगला तेही मोजा. नुसता फ्लक्स वाढला म्हणून खूश होऊ नका. ओ-रिंग नायट्राइलची नको, व्हिटॉनची घ्या. व्हॅक्यूम पंपाचं एक्झॉस्ट हूडमध्ये सोडा, नॅफ्थात बेंझीन असतं. गाईड नको म्हणाले तर नमुन्यासाठीचं पत्र तरी विभागप्रमुखांकडून घ्या. आणि तो रन मुख्य प्रकरणात लिहा, परिशिष्टात जाऊ देऊ नका.