वाचकांचे प्रश्न : जन्मतः वास येत नसेल तर मेंदू कसा असतो?

प्रश्न : माझी मुलगी २० वर्षांची आहे. तिला कधीच कसलाही वास आलेला नाही, हे आमच्या फार उशिरा लक्षात आले, कारण लहानपणी मोगरा नाकाशी धरला की तीही इतरांप्रमाणे ‘छान’ म्हणत असे. नुकत्याच काढलेल्या एमआरआयच्या अहवालात ‘दोन्ही ऑल्फॅक्टरी बल्ब दिसत नाहीत, ऑल्फॅक्टरी सल्कस उथळ’ असे लिहिले आहे. तिच्या मेंदूत काही कमी आहे का, आणि वासासाठी असलेला उरलेला भाग वापराअभावी वाळत जाईल का? ती अभ्यासात हुशार आहे, पाळी नियमित आहे, दुसरी कोणतीही तक्रार नाही. (एक वाचक, सांगली)

उत्तर : अहवालातील दोन्ही वाक्ये एकाच गोष्टीविषयी आहेत आणि ती गोष्ट आपल्या मुलीच्या जन्माआधीच घडून गेलेली आहे, हे प्रथम स्पष्ट करणे आवश्यक आहे. नाकाच्या छतातील पेशींचे तंतू एका सच्छिद्र हाडातून वर जातात आणि मेंदूच्या पुढच्या भागाच्या खालच्या बाजूला असलेल्या दोन छोट्या गाठींत पोहोचतात. याच गाठींना घ्राणकंद किंवा ऑल्फॅक्टरी बल्ब म्हणतात. त्यांची लांबी जेमतेम सेंटिमीटरभर असते आणि पंचेचाळिशीच्या आतील निरोगी माणसात प्रत्येकाचे आकारमान साधारणपणे ५८ घन मिलिमीटरपेक्षा कमी नसते. डोक्याच्या उभ्या, एका कानापासून दुसऱ्या कानापर्यंतच्या छेदात डोळ्यांच्या दोन खोबण्यांच्या मधोमध, मेंदूच्या अगदी तळाशी ते दोन करड्या ठिपक्यांसारखे दिसतात. आपल्या मुलीच्या छायाचित्रांत हे ठिपके दिसले नाहीत, इतकाच त्या पहिल्या वाक्याचा अर्थ आहे.

दुसरे वाक्य निदानाच्या दृष्टीने अधिक मोलाचे आहे. घ्राणकंद आणि त्यापासून मागे जाणारा मार्ग मेंदूच्या तळावरील ज्या खाचेला लागून असतो, ती खाच (अहवालातील ऑल्फॅक्टरी सल्कस) गर्भावस्थेत त्यांच्या सान्निध्यातच खोल होत जाते. ते नीट तयार झाले नाहीत तर ती उथळ राहते. नंतरच्या आयुष्यात वास गेला तर घ्राणकंद आक्रसतो, परंतु एकदा घडलेली खाच सहसा भरून येत नाही. म्हणूनच, नेत्रगोलांच्या मागच्या कडेला टेकणाऱ्या प्रतलात या खाचेची खोली ८ मिलिमीटर किंवा त्याहून कमी भरली, तर वासाचा अभाव जन्मजात असल्याचा तो भक्कम पुरावा मानावा, असे २०११ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात दाखवले गेले. मुलीला ‘लहानपणी सर्दी मुरल्यामुळे वास गेला असेल’ असे कोणी सांगितले असल्यास त्या शंकेला या अहवालाने उत्तर दिलेले आहे.

आता आपल्या मुख्य शंकेकडे वळू. न वापरलेला भाग वाळतो, हा तर्क स्वाभाविक आहे आणि ज्यांचा वास प्रौढपणी जातो त्यांच्या बाबतीत तो बराचसा खराही ठरतो. त्यांच्या मेंदूतील गंधाशी निगडित भागांचे करडे द्रव्य (चेतापेशींनी भरलेला भाग) कमी झालेले आढळते. परंतु जन्मजात अभाव असलेल्यांना हा नियम लावता येत नाही. २०१३ सालच्या एका अभ्यासात अशा व्यक्तींच्या मेंदूतील पिरिफॉर्म कॉर्टेक्स, म्हणजे घ्राणकंदाकडून थेट संदेश घेणारा बाह्यकाचा (मेंदूच्या बाहेरच्या थराचा) भाग, पातळ नव्हे तर इतरांपेक्षा जाड आढळला. वाढत्या वयात मेंदू अनावश्यक जोडण्या छाटून टाकतो आणि ही छाटणी अनुभवाच्या आधारे होते. अनुभवच आला नाही तर छाटणी अपुरी राहते, असे त्याचे एक स्पष्टीकरण दिले जाते. जन्मांध व्यक्तींच्या दृष्टिबाह्यकातही अशीच जाडी आढळलेली असल्यामुळे हे स्पष्टीकरण निराधार म्हणता येत नाही.

तथापि, पुढे स्टॉकहोमच्या कॅरोलिन्स्का इन्स्टिट्यूटमधील संशोधकांनी जन्मतः वास नसलेल्या ३३ व्यक्तींची तितक्याच इतर व्यक्तींशी तुलना करून २०२० साली जे निष्कर्ष प्रसिद्ध केले, त्यांत पिरिफॉर्म कॉर्टेक्समध्ये काहीच फरक सापडला नाही. फरक होता तो डोळ्यांच्या खोबण्यांवर टेकलेल्या भागात, म्हणजे त्या उथळ खाचेच्या आसपास. त्यांच्याच पुढच्या अभ्यासात गंधाशी संबंधित भागांचे परस्परांशी असलेले संपर्कही वास येणाऱ्यांसारखेच आढळले. माझ्या मते या दुसऱ्या निष्कर्षाला अधिक वजन द्यावे, कारण त्यातील गट मोठा होता. पिरिफॉर्म कॉर्टेक्सला श्वासोच्छ्वासाची लय, चव, स्मरण यांच्याशी निगडित इतर संदेशही मिळतात आणि तो केवळ वासाच्या भरवशावर जगत नसावा. कसेही पाहिले तरी ‘वाळत जाईल’ या भीतीला दोन्ही अभ्यासांत आधार नाही, आणि फरक जिथे सापडतो तिथेही तो गटाच्या सरासरीत दिसतो. एखाद्या मुलीच्या बुद्धीविषयी किंवा स्वभावाविषयी त्यावरून काही सांगता येत नाही.

घ्राणकंदाविषयी एक चक्रावून टाकणारी माहितीही येथे नोंदवतो. इस्रायलमधील वाइझमन इन्स्टिट्यूटच्या संशोधकांना अन्य कारणासाठी केलेल्या एमआरआयमध्ये घ्राणकंद अजिबात न दिसलेली, पण वास उत्तम येणारी एक डावखुरी स्त्री आढळली. त्यानंतर त्यांनी उपलब्ध छायाचित्रांचा मोठा संग्रह तपासला आणि सुमारे ०.६ टक्के स्त्रियांत, डावखुऱ्या स्त्रियांत तर ४ टक्क्यांहून अधिक जणींत, हीच स्थिती असल्याचे त्यांनी मांडले. वास घेण्याची यंत्रणा त्यांच्यात एमआरआयला न दिसण्याइतकी लहान किंवा विखुरलेली असावी, असा आक्षेप तज्ज्ञांनी घेतला आणि तो वाद मिटलेला नाही. निदान केवळ छायाचित्रावर करू नये, त्याला वासाच्या प्रत्यक्ष चाचणीची जोड हवी, इतका व्यावहारिक बोध मात्र त्यातून निश्चित होतो.

प्रश्न : माझ्या १६ वर्षांच्या मुलाला लहानपणापासून वास येत नाही. त्याला अजून मिसरूड फुटलेले नाही, आवाजही फुटलेला नाही. या दोहोंचा संबंध असेल का? (एक पालक, नांदेड)

उत्तर : असू शकतो, आणि म्हणून आपण विलंब न करता हार्मोनतज्ज्ञांना, म्हणजे एंडोक्रिनॉलॉजिस्टना, भेटावे. वयात येण्याचा आदेश मेंदूतील हायपोथॅलॅमसमधल्या ज्या मोजक्या पेशी देतात, त्या मुळात मेंदूत जन्मतच नाहीत; गर्भाच्या नाकाच्या जागी त्या तयार होतात आणि घ्राणतंतूंच्या वाटेने चालत मेंदूत शिरतात. ती वाटच तयार झाली नाही तर पेशी अध्येमध्येच अडकतात. मग एकीकडे वास येत नाही आणि दुसरीकडे पौगंडावस्था सुरू होत नाही. घ्राणकंद नसलेल्या आणि जननेंद्रियांची वाढ अपुरी असलेल्या पुरुषाच्या शवाचे वर्णन स्पॅनिश शरीररचनातज्ज्ञ माएस्त्रे दे सान हुआन यांनी १८५६ सालीच केले होते; विकाराला नाव मात्र १९४४ साली तो आनुवंशिक असल्याचे दाखवणाऱ्या फ्रान्झ कालमन यांचे मिळाले. त्याच्याशी निगडित पहिला जनुक १९९१ साली सापडला.

मुलांमध्ये १४ व्या वर्षापर्यंत वृषणांची वाढ सुरू झाली नाही तर तपासणी करावी, असा दंडक आहे. कालमन सिंड्रोम निघाला तर मूत्रपिंडांची सोनोग्राफीही करतात, कारण काही रुग्णांत एकच मूत्रपिंड असते. वास परत येत नाही, पण हार्मोनच्या उपचारांनी पौगंडावस्था घडवून आणता येते आणि पुढे अनेकांना अपत्यप्राप्तीही होते. सांगलीच्या वाचकांनी मुलीची पाळी नियमित असल्याचे लिहिले आहे, त्यामुळे त्यांच्या बाबतीत ही शक्यता जवळजवळ उरत नाही.

प्रश्न : जन्मतः वास नसलेल्यांना जेवणाची चव कशी कळते? आणि कोविडनंतर मला सांगितलेला वासांचा सराव त्यांनाही उपयोगी पडेल का? (एक वाचक, ठाणे)

उत्तर : गोड, आंबट, खारट, कडू आणि उमामी या चवी जीभ ओळखते आणि त्या शाबूत असतात. मिरचीचा तिखटपणा, पुदिन्याचा गारवा, अमोनियाचा झणका हे पाचव्या मस्तकचेतेमार्फत (चेहरा, डोळे, नाक व तोंड यांतील स्पर्श आणि जळजळ मेंदूला कळवणाऱ्या नसेमार्फत) कळतात, म्हणून अशा व्यक्तीच्या डोळ्यांतही कांदा चिरताना पाणी येते आणि फोडणीच्या ठसक्याने तीही खोकते. त्यामुळेही घरच्यांना वर्षानुवर्षे संशय येत नाही. हिंगाचा आणि जिऱ्याचा फरक मात्र तिच्यापर्यंत पोहोचत नाही.

लवंग, लिंबू, गुलाब, निलगिरी यांचा सराव आपण अवश्य चालू ठेवावा, कारण आपल्या नाकातील वासाच्या पेशी पुन्हा तयार होऊ शकतात आणि त्यांचे संदेश घेणारे घ्राणकंद जागेवर आहेत. जन्मतःच घ्राणकंद नसतील तर या सरावातून काही साधत नाही आणि त्यासाठी विकली जाणारी महागडी तेले घेण्याचे कारण नाही. त्या पैशांत स्वयंपाकघरात गॅसगळतीचा इशारा देणारे यंत्र बसवावे. सिलिंडरमधील गॅसला मुळात वास नसतो. गळती कळावी म्हणून त्यात इथिल मरकॅप्टन मिसळतात आणि नेमका तोच इशारा या व्यक्तींना मिळत नाही. एलपीजी हवेपेक्षा जड असल्याने हे यंत्र जमिनीपासून फार वर लावू नये.