पगाराच्या आकड्यात न दिसणारं

सोलापूर

प्रिय मुली,

तुझं पत्र पोचलं. वर्गातल्या मैत्रिणी पुण्याला गेल्या, कुणी फ्लॅट बुक केला, आणि तू एमआयडीसीत टॉवेलच्या कारखान्यात. घरी कुणी पगार विचारला की जेवणावरून उठावंसं वाटतं, असं लिहिलंयस. वाचून जीव कळवळला.

पगार कमी आहे, हे खरंच आहे. घर पैशावर चालतं, तेव्हा मालकाशी त्याबद्दल नीट, स्पष्ट बोल. त्यात लाजू नकोस. पण पगार वाढला तर आपण वाढलो, नाहीतर आहोत तिथंच, हा हिशेब मला पटत नाही. काल काय येत नव्हतं आणि आज काय येतं, या स्वतःच्या मापानंही मोजावं.

गेल्या पावसाळ्यात टॉवेलचा लूप, म्हणजे वर उठणारा धाग्याचा फासा, बसका येत होता, तेव्हा तू रडवेली होऊन फोन केला होतास. टेरीला, म्हणजे टॉवेलच्या कापडाला, उभ्या धाग्यांचे दोन ताणे असतात, पायाच्या कापडाचा म्हणजे ग्राउंडचा घट्ट आणि लूपचा म्हणजे पाइलचा सैल. तीन बाणे, म्हणजे आडवे धागे, एकत्र ठोकले की सैल ताण्याचा लूप वर उठतो. हे तुला कॉलेजातच पाठ होतं, पण मागासमोर उभं राहिल्यावर काही सुचत नव्हतं. परवा मात्र तू सहज सांगून गेलीस: कापडावरून हात फिरवला, लूप कमी भरतोय हे जाणवलं, मागच्या बाजूला जाऊन पाइल बीमचा, म्हणजे लूपचा ताणा गुंडाळलेल्या रुळाचा, ताण पाहिला आणि माग लावून देणाऱ्या जॉबरकडून तो कमी करून घेतला. तुला त्यात विशेष काही वाटलं नाही. मला मात्र त्या दिवशी फार आनंद झाला.

मात्र स्वतःच्या मापानं मोजायचं म्हणजे स्वतःला सूट द्यायची असं नाही. मालाचं माप गिऱ्हाईकच ठरवणार. त्यानं 500 जीएसएम, म्हणजे चौरस मीटरला 500 ग्रॅम वजनाचा, मागितला आणि आपला 450 भरला, तर लॉट नापास. तिथं मनाचं समाधान चालत नाही. तुझ्या शिकण्याचं मापही तितकंच कडक हवं.

म्हणून एक वही कर. आधी लिहून ठेव: दिवाळीपर्यंत जकार्डचं, म्हणजे कापडात नक्षी विणणाऱ्या मागाचं, एक डिझाइन, कुणाला न विचारता, कॉम्प्युटरवर काढून मागावर चढवीन. खाली तारीख टाक. जमलं नाही तर तसंच लिही, कारणासकट, पण मागची ओळ खोडू नकोस. आणि सुट्टीच्या दिवशी पूर्व भागातल्या एखाद्या जुन्या पद्मशाली विणकराजवळ जाऊन बस. माग कुठं अडतोय हे आवाजावरून ओळखणारी माणसं मी पाहिली आहेत. तुलना करायचीच असेल तर त्यांच्याशी कर, तिथून काहीतरी घेऊन येशील.

संक्रांतीला सिद्धेश्वराच्या गड्ड्याच्या यात्रेला मैत्रिणी येतील, पगार विचारतील. आकडा सांगून टाक. मग त्यांचं काम काय, त्या काय शिकल्या, हेही मनापासून विचार. त्यांच्याही कष्टाचं कौतुक कर.

आणि सहा महिने वही कोरीच राहिली, नवं लिहिण्याजोगं काहीच सापडलं नाही, तर मात्र ही नोकरी सोड. इचलकरंजी म्हण, पुणं म्हण, जिथं शिकायला मिळेल तिथं जा. माझ्या चार ओळखी आहेत, मी स्वतः शब्द टाकीन.

तुझे,
सर