गाडीरस्त्याचे काँक्रीट: ठेव मोडावी, कर्ज काढावे की थांबावे?

फाटकापासून पोर्चपर्यंतच्या कच्च्या वाटेवर, म्हणजे १२ मीटर लांब आणि ३ मीटर रुंद जागेत, काँक्रीटचा ड्राइव्ह-वे करावा असे तुमच्या मनात आहे. कंत्राटदाराने दिलेला एकरकमी आकडा तुमच्या घराच्या सुमारे चार महिन्यांच्या खर्चाइतका आहे. हाताशी सहा महिन्यांच्या खर्चाएवढी मुदत ठेव आहे, दरमहा अर्ध्या महिन्याच्या खर्चाइतकी बचत होते आणि नऊ महिन्यांनी मुलीच्या शिक्षणाचे शुल्क भरायचे आहे, जे अडीच महिन्यांच्या खर्चाइतके आहे. ठेव मोडावी की कर्ज काढावे, असे तुम्ही विचारले आहे. शिवाय स्लॅबची जाडी १०० ऐवजी ७५ मिलिमीटर केल्यास आकडा खाली येईल, असे कंत्राटदाराने सुचवल्याचेही लिहिले आहे. माझे उत्तर असे की ठेव मोडू नका, कर्जही काढू नका आणि जाडी तर मुळीच कमी करू नका. हे काम दोन टप्प्यांत विभागता येते आणि तुमची बचत त्याला पुरेशी आहे.

जाडीचा मुद्दा आधी घेतो, कारण बचत म्हणून सुचवला गेलेला हा उपाय प्रत्यक्षात सर्वांत महागडा आहे. स्लॅबची वाकण्याला विरोध करण्याची क्षमता जाडीच्या वर्गाच्या प्रमाणात बदलते. त्यामुळे १०० मिलिमीटरचे ७५ केले, तर काँक्रीट पाव हिश्शाने वाचते, पण क्षमता जवळपास ४४ टक्क्यांनी घटते. खोदाई, खडी, साचे, मजुरी, पृष्ठभागाची घोटाई यांचा खर्च तर तसाच राहतो. हेच गणित उलटही चालते: जड मालवाहू गाडी आत येणार असेल, तर १२५ मिलिमीटर जाडीला काँक्रीट पाव पट अधिक लागेल, क्षमता मात्र दीडपटीहून अधिक होईल. फक्त घरची मोटार उभी राहणार असेल, तर १०० मिलिमीटर पुरेसे आहे.

मोजमाप तुम्ही स्वतः करा. ३६ चौरस मीटर गुणिले ०.१० मीटर म्हणजे ३.६ घनमीटर काँक्रीट, आणि सांडणे किंवा तळ असमान असणे यासाठी दहा टक्के अधिक धरले तर साधारण चार घनमीटर. त्याखाली १५० मिलिमीटर खडीचा थर धरला तर दाबल्यानंतरचे माप ५.४ घनमीटर येते. सैल खडी त्याहून जास्त मागवावी लागते. हे आकडे हातात असले की एकरकमी दरपत्रकातील कोणती बाब फुगवली आहे आणि कोणती गाळली आहे, हे दिसू लागते. माझ्या पाहण्यात बहुधा गाळली जाते ती खोदलेली माती उचलून नेण्याची बाब, आणि ती काम सुरू झाल्यावर ‘अतिरिक्त’ म्हणून पुढे येते. म्हणून कंत्राटदाराकडून खोदाई, माती वाहतूक, पाया, साचे, काँक्रीट, सांधे (भेग पडलीच तर ठरलेल्या रेषेत पडावी म्हणून स्लॅबमध्ये कापलेल्या खाचा) आणि पाणी मारणे अशा बाबी वेगळ्या दाखवणारे दरपत्रक लेखी घ्या, त्याच मोजमापावर आणखी दोघांकडून दर मागवा, आणि येणाऱ्या आकड्यावर १५ टक्के राखीव धरा. तुमचे अंदाजपत्रक मग चार नव्हे, तर ४.६ महिन्यांच्या खर्चाचे होते.

आता पैसा कोठून आणायचा ते पाहू. ठेव मोडली तर सहा महिन्यांचा आधार दोन महिन्यांवर येतो, तोही शुल्काच्या तोंडावर. हा धोका मला मान्य नाही, कारण कच्च्या वाटेने गैरसोय होते, पण आजारपणात किंवा नोकरी गेल्यास रिकाम्या खात्याने घर अडते. तीन वर्षांच्या वैयक्तिक कर्जाचा दर समजा वार्षिक १२ टक्के असेल, तर १०० च्या कर्जाला दरमहा सुमारे ३.३२ हप्ता पडतो आणि एकूण जवळपास १२० फेडावे लागतात. तुमच्या मूळ आकड्यावर हे व्याज दीड महिन्याहून अधिक बचतीएवढे होते. गृहकर्जावर वाढीव रक्कम घेतली तर दर कमी वाटतो, परंतु ९ टक्के दराने १५ वर्षे फेडल्यास १०० चे सुमारे १८३ होतात. कमी दराचे समाधान मानताना मुदत किती लांबली आहे हे पाहायचे राहून जाते, आणि तेथेच पैसा जातो. तुम्ही थांबलात आणि दरम्यान कामाचे दर सहा टक्क्यांनी वाढले, असे धरले तरी ती वाढ या दोन्ही कर्जांच्या व्याजापेक्षा पुष्कळ कमी आहे.

म्हणून माझी मांडणी अशी आहे. पहिल्या चार महिन्यांची बचत, म्हणजे दोन महिन्यांचा खर्च, पायाकामासाठी ठेवा: खोदाई, घरापासून दूर जाणारा एक ते दोन टक्क्यांचा उतार, आणि थराथराने पाणी मारून यंत्राने दाबलेली खडी. त्यानंतरच्या पाच महिन्यांची बचत शुल्काएवढी होते. पायाकामातून काही उरले तर तेही शुल्काच्या खात्यात टाका, कारण त्या पाच महिन्यांच्या हिशेबात मोकळीक नाही. शुल्क भरल्यानंतर पुढच्या सहा महिन्यांत तीन महिन्यांच्या खर्चाएवढी रक्कम जमेल आणि त्यातून काँक्रीट ओतता येईल. दोन्ही टप्पे मिळून पाच महिन्यांचा खर्च उभा राहतो आणि आपले अंदाजपत्रक ४.६ चे आहे. मधल्या काळात दाबलेल्या खडीवरून मोटार खुशाल जाऊ-येऊ शकते, कोठे खचते आणि कोठे पाणी साचते हे काँक्रीट पडण्यापूर्वीच कळते, आणि ओतण्याआधी पृष्ठभाग पुन्हा सारखा करून दाबला की तोच पाया कामी येतो. एखाद्या महिन्यात उत्पन्न थांबले, तरी तुमच्या दारात अर्धवट नव्हे, वापरता येणारा रस्ता असेल. मात्र टप्पे करायचे म्हणून आज पातळ थर आणि पुढे त्यावर दुसरा थर असा मार्ग स्वीकारू नका. असे दोन थर एकसंध स्लॅबसारखे वागत नाहीत.

पायाकामाच्या वेळीच एक छोटा खर्च आवर्जून करा. वाटेखालून आडवी एक-दोन रिकामी पाइप टाकून दोन्ही टोके बंद करून ठेवा. पुढे पाण्याची नळी, फाटकाच्या दिव्याची किंवा विजेवरील गाडीच्या चार्जिंगची केबल न्यायची झाली, तर नवा स्लॅब फोडावा लागणार नाही.

ओतण्याच्या दिवसासंबंधी तीन गोष्टी करारात लिहून घ्या. सांध्यांमधील अंतर जाडीच्या २४ ते ३० पट असावे, म्हणजे १०० मिलिमीटरला २.४ ते ३ मीटर. तुमच्या वाटेला तीन आडवे सांधे दिले की ३ बाय ३ मीटरचे चार चौकोन होतात. सांध्यांची खोली जाडीच्या किमान पाव भाग, अर्थात २५ मिलिमीटर, असावी. दुसरी गोष्ट, पसरवणे सोपे जावे म्हणून मिश्रणात जागेवर वरून पाणी ओतायचे नाही, कारण त्याने ताकद घटते. तिसरी, किमान सात दिवस पृष्ठभाग ओला ठेवण्याची जबाबदारी कोणाची, हे नावानिशी ठरवा. काँक्रीटमध्ये लोखंडी जाळी घालणार असाल तर ती स्लॅबच्या वरच्या अर्ध्या भागात, ठोकळ्यांवर उचललेली हवी. खडीवर पडून राहिलेल्या जाळीचे पैसे वाया जातात. या सात दिवसांत मोटार बाहेर उभी करावी लागेल, त्याचा खर्च येत असेल तर तोही अंदाजपत्रकात लिहा.

कंत्राटदाराने निम्मी रक्कम आगाऊ मागितली आहे, ती देऊ नका. सुरुवातीला दहा टक्के द्या आणि साहित्य जागेवर आल्यावर त्याच्या प्रमाणात पुढचे पैसे द्या. काँक्रीट पडून सांधे कापून झाल्यावर मोठा हिस्सा द्या, आणि शेवटचे दहा टक्के २८ दिवसांनी द्या. काँक्रीटची ठरवलेली ताकद याच मुदतीला मोजतात, आणि तोपर्यंत सांध्याबाहेर पडलेल्या भेगा किंवा पाणी साचणारे खळगे दिसून आलेले असतात. ही अट ज्याला मान्य नसेल, त्याचा दर कमी असला तरी दुसऱ्याला काम द्या.