डॉक्टर घरचा, दाढ माझी

ताई,

मी बार्शीजवळच्या एका गावात जिल्हा परिषद शाळेत शिक्षिका आहे. वय ४४. डावीकडच्या खालच्या दाढेचं रूट कॅनॉल केलं. दुसऱ्या वेळी चांगला दीड तास तोंड उघडं ठेवावं लागलं. त्या दिवशी काही जाणवलं नाही, पण तिसऱ्या दिवशी सकाळी ब्रश तोंडात जाईना. आज नववा दिवस. जेमतेम दीड बोट उघडतं. कानाशी दुखतं म्हणून कानाच्या डॉक्टरांना दाखवलं, तर कान चांगला आहे म्हणाले. ताप नाही, सूज नाही. दोन वर्षांपूर्वी वरच्या दाढेचं केलं होतं, तेव्हा असलं काही झालं नव्हतं.

खरी अडचण पुढे आहे. दाताचे डॉक्टर म्हणजे माझे मावसदीर. पैसेसुद्धा निम्मेच घेतले. आता त्यांना कसं सांगू? मिस्टर म्हणतात, थांब जरा, त्याला वाईट वाटेल. परवा जेवताना सगळ्यांसमोर म्हणाले, ‘आठवडाभर घरात शांतता आहे, असंच राहू दे.’ सगळे हसले. मीही हसायला गेले, तर कळ आली. सासूबाई म्हणतात दातखीळ बसलीय, चमच्याचा दांडा घालून उघड. सोलापूरला जाऊन गुपचूप दुसऱ्या डॉक्टरला दाखवू का? आणि हे कायमचं असंच राहणार का?

– तोंड मिटून बसलेली

बाई, आधी तो चमचा परत डब्यात ठेवा. सासूबाईंना सांगा, पत्र लिहून विचारलं, नको म्हणाल्या. आखडलेला स्नायू जोर लावून उघडला की आणखी दुखावतो आणि आणखी घट्ट होतो. शिवाय रूट कॅनॉल केलेली दाढ कॅप बसेपर्यंत ठिसूळ असते. दांड्याने तिचा टवका उडाला तर दुखण्यात भर.

आता तुमचा शेवटचा प्रश्न आधी घेते, कारण रात्री झोप त्यानेच उडत असणार. मी डॉक्टर नाही, तुमचं तोंड मी पाहिलेलं नाही. पण तुम्ही लिहिलंय तसं दुखणं दाताच्या डॉक्टरांच्या रोजच्या ओळखीचं आहे. त्याला ते ट्रिस्मस म्हणतात. बहुतेकांचं दोन-तीन आठवड्यांत सुटतं, काहींना सहा आठवडेही लागतात. कायमचं राहणं विरळा.

वरच्या दाढेला काही झालं नाही आणि खालच्या दाढेला झालं, हे तुम्ही सहज लिहून गेलात, पण उत्तर त्यातच आहे. वरच्या जबड्याचं हाड पातळ आणि सच्छिद्र असतं. दाढेच्या शेजारी हिरडीत सुई टोचली की तिथलं तिथे बधिर होतं. खालचं हाड जाड. म्हणून तिथे इंजेक्शन पार मागे, शेवटच्या दाढेच्याही पलीकडे, जबड्याच्या आतल्या बाजूला द्यावं लागतं. शीर हाडात शिरते ती तिथे. नेमका तिथेच जबडा मिटणारा एक स्नायू आहे. सुई त्याला लागली, आत थेंबभर रक्त साकळलं की तो हळूहळू आखडतो. म्हणून त्या दिवशी काही नाही, आणि दोन-तीन दिवसांनी ब्रश जाईना. हे चांगल्या हाताच्या डॉक्टरकडूनही होतं. सुई आत कुठून जातेय ते कोणालाच दिसत नसतं.

त्यात दीड तास आ वासून बसणं. जबड्याचा सांधा कानाच्या अगदी पुढ्यात असतो. आत्ता कानासमोर बोट ठेवा आणि तोंड उघडमीट करा, सांधा बोटाखाली सरकेल. तो ताणला गेला की दुखणं कानात असल्यासारखं वाटतं. तुमचे कानाचे डॉक्टर खरं तेच बोलले.

मला स्वतःला हे अक्कलदाढ काढल्यावर झालं होतं. होळीच्या आदल्या आठवड्यात. घरात पुरण शिजत होतं आणि मी पुरणपोळी दुधात कुस्करून, चमचा उपडा करून आत सारत होते. तेव्हा मी एक मोठी चूक केली, ती तुम्ही करू नका. दुखतं म्हणून तोंड हलवायचंच बंद केलं. पंधरा दिवसांनी दुखणं गेलं, पण ताठरपणा तसाच राहिला. तो घालवायला महिना गेला.

म्हणून जबडा हलवायचा, पण बेताने. टॉवेल गरम पाण्यात बुडवून, पिळून, गालावर पंधरा-वीस मिनिटं धरा. दिवसातून चार-पाच वेळा. (बर्फ पहिल्या दिवसासाठी असतो, नवव्या दिवशी शेकच.) शेकून स्नायू सैल झाला की लगेच तोंड हळूहळू उघडा-मिटा, मग जबडा डावीकडे-उजवीकडे. ओढ बसेल तिथवर जायचं, कळ आली की मागे यायचं. मिठाच्या कोमट पाण्याने चुळा भरा. दुखण्याच्या गोळ्या मेडिकलवाल्याला विचारून घेऊ नका. बीपी, पित्त, किडनी यांपैकी काही असेल तर त्यातल्या काही गोळ्या चालत नाहीत.

मोजमापही ठेवा. नेहमीचं तोंड आपलीच तीन बोटं उभी एकावर एक मावतील इतकं उघडतं, म्हणजे साधारण ३५ मिलिमीटर किंवा जास्त. बोटांपेक्षा आइस्क्रीमच्या काड्या बऱ्या. स्टेशनरीच्या दुकानात हस्तकलेसाठी गठ्ठा मिळतो, तुमच्या शाळेच्या कपाटातही असेल. धुतलेल्या काड्या एकावर एक ठेवून पुढच्या दातांमध्ये किती मावतात ते सकाळ-संध्याकाळ बघायचं आणि वहीत लिहायचं. एक काडी दोनेक मिलिमीटरची. दोन दिवसांत एक काडी वाढली तरी गाडी रुळावर आहे. काडी कोंबायची मात्र नाही, नाहीतर तो सासूबाईंचा चमचाच झाला.

खाण्याचं तुम्हाला सोलापूरकडच्या बाईला काय सांगू! कडक भाकरी आणि शेंगाचटणीचा मुलूख तुमचा. भाकरी दुधात किंवा आमटीत भिजवून चालेल. मुगाची मऊ खिचडी, ज्वारीच्या कण्या, नाचणीचं सत्त्व, वरणभातावर तूप. जांभई आली की हनुवटीखाली मूठ धरा. वर्गात कविता म्हणायची तर मुलांना म्हणू द्या. आणि दिवसातून दोन-चारदा स्वतःला विचारा, माझे दात एकमेकांवर दाबलेले आहेत का? ओठ मिटलेले, पण दात सुटे, असं असायला हवं. राग गिळणारी माणसं दात आवळून बसतात. तुमच्या पत्रात गिळलेला राग बराच आहे.

म्हणजे आपण भाऊजींपाशी आलो.

सोलापूरला गुपचूप जाऊ नका. दुसरं मत घ्यायला माझी ना नाही, पण आधी ज्यांनी काम केलं त्यांना कळू द्या. इंजेक्शन कुठे, किती वेळा दिलं, एक्स-रेत काय दिसलं, हे त्यांना माहीत आहे. नवा डॉक्टर तेच विचारेल, आणि गावाकडे गुपित चार दिवस टिकत नाही. मग त्यांना खरंच वाईट वाटेल. शिवाय घरबसल्या न कळणाऱ्या गोष्टी त्यांना बघाव्या लागतील. आत पू झालाय का? फिलिंग उंच राहिलंय का? निळा कागद चावायला देऊन ते पाच मिनिटांत कळतं. उंच फिलिंगवर दिवसभर चावत राहिलं की जबडा बरा होतच नाही.

वाक्य मी लिहून देते, तसंच्या तसं पाठवा: ‘भाऊजी, दाढ शांत आहे, पण तिसऱ्या दिवसापासून तोंड दीड बोटच उघडतंय आणि कानाशी दुखतंय. उद्या कधी येऊ?’ यात आरोप कुठे आहे? ‘तुमच्यामुळे’ हा शब्द तुमच्या मनात आहे, मेसेजमध्ये यायची गरज नाही. निम्मे पैसे घेतले म्हणून निम्मंच दुखणं सांगायचं, असा काही हिशोब नसतो.

आणि एक विचारते, राग मानू नका. जेवणानंतर सुपारी? मशेरी? तुम्ही लिहिलेलं नाही, पण आपल्याकडच्या किती बायका लावतात ते मला ठाऊक आहे. सुपारीने गालाच्या आतलं अस्तर हळूहळू चामड्यासारखं होतं, तिखट झोंबायला लागतं आणि वर्षानुवर्षं तोंड कमी-कमी उघडत जातं. तुमचं एका सकाळी बंद झालंय, म्हणून मला ते वाटत नाही. पण सवय असेल, किंवा दाढेच्या आधीपासूनच तोंड आवळल्यासारखं होत असेल, तर भाऊजींना सांगाच. दिराला सांगायला लाज वाटते हे मला कळतं. त्या एका गोष्टीसाठी सोलापूरला गेलात तरी चालेल.

ताप आला, जबड्याखाली किंवा गळ्याला सूज आली, दुखणं वाढत चाललं, तोंडात घाण चव आली, तर त्याच दिवशी डॉक्टर गाठा. थुंकी गिळता येईना किंवा श्वास अडखळायला लागला, तर थेट मोठं हॉस्पिटल, रात्रीचे दोन वाजले असले तरी. सगळं अंगच आखडायला लागलं तर तो धनुर्वात असू शकतो, तेव्हाही तसंच.

राहिले मिस्टर. विनोद वाईट नव्हता, वेळ वाईट होती. त्यांना चारचौघांत उत्तर देऊ नका, तेवढं तोंडही उघडणार नाही तुमचं. रात्री त्यांच्या हातात काड्यांचा गठ्ठा आणि वही द्या. म्हणावं, मोजा आणि लिहा. सकाळी टॉवेल गरम करून आणायचं कामही त्यांचंच. बायकोच्या तोंडात दहाच काड्या मावतात हे स्वतः मोजलं की पुढचा विनोद जरा अडेल.

हुरड्याचे दिवस आहेत, आणि हुरडा म्हणजे चावण्याचंच काम. यंदा तुमच्या वाटचा मिक्सरमधून फिरवून ताकात घाला. आणि भाऊजी काय म्हणाले ते काड्यांच्या आकड्यासकट कळवा.