‘वाइल्ड अँड सीनिक’ दर्जा मिळाल्यावर अमेरिकेतल्या नदीवर खरंच धरण बांधता येत नाही का?

मुख्य प्रवाहाच्या संरक्षित टप्प्यापुरतं उत्तर ‘हो’ असंच आहे. निवडक नद्यांचे टप्पे मुक्त वाहते ठेवण्यासाठी 1968 मध्ये ‘वाइल्ड अँड सीनिक रिव्हर्स’ कायदा झाला; त्यानुसार तिथे नव्या जलविद्युत प्रकल्पाला केंद्रीय परवाना मिळत नाही. नदीला थेट बाधा आणणाऱ्या जलप्रकल्पांना इतर केंद्रीय खात्यांनाही मदत करता येत नाही. या कायद्याचा खरा दणका इथेच आहे, बाकीचा भाग बराच मवाळ.

उत्तर कॅरोलिनातली न्यू रिव्हर बघा. एका वीज कंपनीला या नदीवर धरणांचा परवानाही मिळाला होता. पण 1976 मध्ये नदीचा सुमारे 26 मैलांचा टप्पा यादीत आला, संसदेने परवाना मोडीत काढला आणि अध्यक्ष फोर्ड यांनी सही केली. हातातला परवाना गेला, हे मला फार बोलकं वाटतं.

मात्र दर्जा मिळाला की नदी ‘सरकारजमा’ होते, हा समज चुकीचा. काठावरच्या खासगी जमिनीचा वापर केंद्र सरकार ठरवत नाही, ते स्थानिक नियमांवरच चालतं. आधीचे पाणीहक्कही शाबूत राहतात. शिवाय संरक्षण असतं ते ठरावीक टप्प्याला, त्यामुळे वरच्या अंगाला जुनं धरण तसंच उभं असू शकतं. कॅलिफोर्नियातल्या टुओलमी नदीला 1984 मध्ये हा दर्जा मिळाला, पण तिच्यावरचं ‘हेच हेची’ खोऱ्यातलं जुनं धरण आहे तिथेच आहे. सॅन फ्रान्सिस्कोला पाणी तिथूनच जातं ना!