यंग मार्बल जायंट्स या बँडचा ‘कलॉसल यूथ’ अल्बम लोक एवढा का नावाजतात? मला तर अर्धवट डेमो वाटला. कुठल्या गाण्यापासून सुरुवात करू?

अर्धवट म्हणालात म्हणून लिहायला बसलोय, नाहीतर या अल्बमवर लोकांनी भरपूर लिहून ठेवलंय.

कॉलेज संपता संपता पुण्यात आमचा एक बँड होता. मी बेसवर. ड्रमरला बंगळुरात नोकरी लागली, तो गेला. मी म्हटलं, ड्रम मशीन लावू, बेस पुढे आणू, गिटार कमीत कमी ठेवू. गायिकेला पटलं. गिटारवाल्याला कसं पटणार? पुरावा म्हणून त्याला हाच अल्बम लावून दिला. ‘सर्चिंग फॉर मिस्टर राइट’ अख्खं ऐकून साहेब म्हणाले, “बरंय. पण बाकीचं कधी रेकॉर्ड करणार हे लोक?”

अरे, बाकीचं काही नाहीच! वेल्समधल्या कार्डिफची तीन माणसं, बास. गिटार-ऑर्गनवर स्टुअर्ट मॉक्सॅम, बेसवर त्याचा भाऊ फिलिप, गायला ॲलिसन स्टॅटन. या भावांच्या नात्यातला पीटर जॉइस टेलिफोन इंजिनियर, त्याला घरी इलेक्ट्रॉनिक वाद्यं जुळवायचा नाद. ड्रमर नाहीच, म्हणून स्टेजवर ड्रम मशीनचा ठेका कॅसेटवरून वाजायचा. वेल्समधल्या फोएल स्टुडिओत काही दिवसांत रेकॉर्डिंग उरकलं, 1980 मध्ये रफ ट्रेड या रेकॉर्ड कंपनीने अल्बम काढला आणि त्याच वर्षअखेरीस बँड फुटलासुद्धा. पंक रॉकनंतर जो तो आवाज वाढवत असताना हे तिघं हळू वाजवत होते, नावाजतात ते त्यासाठी. निर्वाणा बँडच्या कर्ट कोबेनच्या आवडत्या अल्बममध्येही हा होता.

स्टुअर्टचा उजवा हात ऐका. तळवा तारांवर टेकलेला, सूर उमटतो न उमटतो तोच दाबला जातो. गिटारने नुसती टकटक करायची आणि चाल बेसने गायची. ॲलिसन तर पलीकडच्या खोलीत भांडी विसळताना गुणगुणावं तशी गाते, कुठे ताण नाही की हरकत-मुरकी नाही.

आमच्याकडे काय झालं? मिक्सिंगला, तासावर पैसे चालू असताना, गिटारवाल्याने गिटारवर गिटार चढवली. शेवटी बेस शोधावा लागला. गाणं ऑनलाइन टाकलं, मित्रांनी लाइक केलं, विषय संपला. रिकामी जागा दिसली की भरलीच पाहिजे असं ज्यांना वाटतं त्यांना मिक्सिंगला बोलवूच नये, हे माझं स्पष्ट मत.

हां, तुमचा प्रश्न. पहिल्या गाण्यापासूनच, म्हणजे ‘सर्चिंग फॉर मिस्टर राइट’पासून सुरू करा, मग ‘एन.आय.टी.ए.’, मग ‘ब्रँड-न्यू-लाइफ’. हेडफोन लावा, मोबाइलच्या स्पीकरवर हा बेस येतच नाही, मग डेमो वाटणारच. पंधराच्या पंधरा गाणी एका बैठकीत नकोत, मधे एकसुरी होतं, हे मान्य. आणि घरगुती म्हणजे आपोआप थोर असंही नाही. ड्रमर नसला तरी चाल लागतेच.

भरगच्चच हवं असेल तर होल या बँडने 1994 च्या ‘लिव्ह थ्रू धिस’ अल्बमवर यांचंच ‘क्रेडिट इन द स्ट्रेट वर्ल्ड’ घेतलंय, ड्रम आणि गिटारांच्या दणक्यासकट. मला तेही आवडतं. पण मूळ गाणं आधी ऐका, म्हणजे सगळा जीव तिथेच होता हे कळेल.

आमचे गिटारवाले हे वाचत असतील तर: त्या गाण्याचा बेस आणि गायिकेचा ट्रॅक अजून माझ्याकडे आहे. पुढच्या आठवड्यात तेवढाच अपलोड करतोय.