पुस्तकामागे दहा रुपये

औशाहून एका ताईंचं पत्र आहे. मुलगा सहावीत, वाचनाचा नाद असा की जेवतानाही पुस्तक सुटायचं नाही. अजून वाचावं म्हणून किराणा दुकान चालवणाऱ्या वडिलांनी पुस्तकामागे दहा रुपये लावले. आता तो पातळ पुस्तकं हुडकतो आणि नवं पुस्तक दिसलं की आधी विचारतो, "मला काय भेटंल?" ताई विचारतात, लेकरू लालची झालं का?

नाही झालं, ताई. हिशोब तुम्ही शिकवला, तो शिकला.

अमेरिकेत स्टॅनफर्डच्या बालवाडीत लेपर, ग्रीन आणि निस्बेट या मानसशास्त्रज्ञांनी नेमकं हेच तपासलं; निष्कर्ष 1973 साली छापून आले. चित्रांची मुळातच हौस असलेली लहान मुलं त्यांनी निवडली. काहींना आधीच कबूल केलं, चित्र काढलंत तर सोनेरी शिक्क्याचं प्रशस्तिपत्र देऊ. काहींना तेच न सांगता नंतर दिलं, काहींना काहीच नाही. पुढे वर्गात पुन्हा स्केचपेन ठेवले, तेव्हा कबुलीवर काढणाऱ्यांनी बाकीच्यांच्या जवळपास निम्माच वेळ चित्रांना दिला. बक्षिसासाठी काढलेली चित्रंही परीक्षकांना डावीच वाटली. तुमच्याकडची पातळ पुस्तकं, दुसरं काय!

मूल स्वतःच अर्थ लावतं: पैसे मिळतात म्हणजे मी पैशासाठीच वाचतो. म्हणून आवडीच्या कामाला दर लावू नये. पाढ्यांसारख्या नावडत्या कामाला लावलात तर एवढं बिघडत नाही, कारण तिथं मोडायला गोडीच नसते.

बाकी असेल ते चुकतं करा आणि दर बंद झाला असं साधं सांगा. भाषण नको. काही दिवस तो पुस्तकाला शिवणारही नाही, तेव्हा टोमणे मारू नका. डेसी आणि रायन हे मानसशास्त्रज्ञ सांगतात की आतली ओढ टिकायला तीन गोष्टी लागतात: निवड आपली असावी, आपल्याला जमतंय असं वाटावं, आणि आपल्या माणसांशी नातं असावं. तेव्हा पुस्तक त्यालाच निवडू द्या, कॉमिक्स असलं तरी. शेजारच्यांचा पोरगा लातूरला क्लासला जाऊन काय करतो, हे घरात काढूच नका.

मालकांवरही चिडू नका, त्यांना दुकानाचीच भाषा येते. संध्याकाळी गिऱ्हाईक कमी असताना मुलाला जवळ बसवून त्यांनी गोष्ट ऐकावी. खूश होऊन भजी आणली तरी चालेल, फक्त आधी कबूल करायची नाही.